बारीक परोपजीवी गांधीलमाश्या: मुंबईत अभ्यास करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातल्या मुलांना या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला लागून मला बरीच वर्षं झाली. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही शेजाऱ्यांचे, आणि काही रात्री अकराला फोटोसकट येतात: "ताई, माझ्या कढीलिंबावर हे काय आलंय?" दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाची उत्तरं लिहून ठेवते.

परोपजीवी गांधीलमाशी म्हणजे नेमकी कोण?

गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला खिडकीच्या सज्जाखाली लटकलेलं पोळं आणि सुजलेलं बोट आठवतं. इथे त्या नव्हेत. मुंग्या, मधमाश्या आणि पोळंवाल्या गांधीलमाश्या ज्या गणात येतात, त्याच गणात पोळं न बांधणाऱ्या, एकेकट्या हिंडणाऱ्या माश्यांची मोठी फौज आहे. मादी दुसऱ्या किड्याच्या अंड्यात, अळीत, कोशात किंवा त्याच्या अंगावर आपलं अंडं घालते. त्यातून निघालेली अळी या यजमानाला खातच वाढते आणि शेवटी यजमान मरतो.

ऊ किंवा गोचीड रक्त पिते, पण यजमानाचा जीव सहसा घेत नाही. कोळी जीव घेतो, पण त्याला रोज नवं भक्ष्य लागतं. ही तिसरीच तऱ्हा आहे: वाढीच्या वयात एकच यजमान, आणि तोही पुरता संपवायचा. कृषी विभागाची पत्रकं यांना 'परोपजीवी मित्रकीटक' म्हणतात. मी पुढे नुसतं 'माशी' लिहिणार आहे, पण घरमाशीशी नातं जोडू नका. घरमाशीला पंखांची एकच जोडी असते, हिला दोन.

किती बारीक असतात?

शेतकऱ्यांच्या ओळखीची ट्रायकोग्रामा साधारण अर्धा मिलिमीटर भरते, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या निम्मी. पण ही या जगातली धिप्पाड म्हणायची. मायमॅरिडी कुळातल्या डायकोपोमॉर्फा एकमेप्टेरिजिस या अमेरिकेतल्या माशीचा नर ०.१३९ मिलिमीटरचा असतो. त्याला पंख नाहीत, डोळे नाहीत. १९९७ साली तिचं नामकरण झालं आणि जगातला सर्वांत लहान प्रौढ कीटक म्हणून या नराचा उल्लेख होतो.

मला त्याहून नवल वाटतं मेगाफ्रॅग्माचं. लांबी ०.२ मिलिमीटर, साध्या पाण्यातल्या पॅरामिशियमएवढी, आणि तो बिचारा एकपेशीय. हिच्या मज्जासंस्थेत साडेसात हजारांच्या आतबाहेर पेशी असतात आणि प्रौढ होता होता त्यातल्या बहुतेकांचं केंद्रकच नाहीसं होतं. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी आकडे दोनदा वाचले. एवढ्याशा मेंदूवर ती उडते, फुलकिड्याचं अंडं हुडकते आणि त्यात आपलं अंडं घालते.

दिसतच नाहीत तर शोधायच्या कशा? आणि मुंबईत?

माशी शोधायची नाही, तिचा यजमान शोधायचा. कुंडीतलं लिंबू किंवा कढीलिंब पुरतो. त्याच्या कोवळ्या पानावर लिंबावरचं फुलपाखरू मिलिमीटरभराचं, फिकट पिवळं, मोत्यासारखं गोल अंडं घालतं. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने ते बघा. एखाद्या दिवशी अंड्यावर एक हलणारा ठिपका दिसेल. तीच ट्रायकोग्रामा. ती लगेच टोचत नाही. आधी अंड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, मिशा आपटत जाते, मागे फिरते. हे मोजमाप असतं. अंडं केवढं आहे यावर आत किती अंडी घालायची ते ती ठरवते. मग एका जागी थांबून पोट खाली वाकवते आणि बराच वेळ हलत नाही. तेव्हा पान हलवू नका.

तीन-चार दिवसांत ते अंडं काळंभोर होतं. निरोगी अंडंही फुटण्याआधी काळपट होतं, पण त्यात अळीचं डोकं एका बाजूला दिसतं आणि दिवसभरात अळी बाहेर येते. परोपजीवी शिरलेलं अंडं सगळीकडून सारखं काळं असतं आणि काळंच राहतं. मुंबईच्या उकाड्यात आठवडा-दहा दिवसांत त्याला एक गोल भोक पडतं आणि एकामागून एक माश्या बाहेर येतात.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असेल तर पांढऱ्या कापसात एखादा तपकिरी, चामड्यासारखा कडक झालेला दाणा शोधा. त्याला आम्ही ममी म्हणतो. रुईच्या पानामागच्या पिवळ्या माव्यातही फुगलेल्या, रंग बदललेल्या ममी सापडतात. म्हणून किडलेली कुंडी दिसली की लगेच औषध मारू नका. बायको किंवा नवरा ओरडला तर अभ्यास चालू आहे म्हणून सांगा.

आणलं. आता पुढे?

पालन करा. म्हणजे काळं अंडं, ममी, कोश जे असेल ते एकेकटं एकेका काचेच्या नळीत ठेवा आणि तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावा. रबरी बूच लावलं तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. पान ताजं असेल तर आधी जादा पान कापून टाका. नळीवर उन नको, एसीचा झोतही नको.

एका नळीत दोन गोष्टी ठेवायच्या नाहीत, हा नियम मी सुरुवातीला मोडला आणि पस्तावले. एका डबीत मावा आणि पिठ्या ढेकूण एकत्र ठेवले होते. तीन तऱ्हेच्या माश्या निघाल्या, दिसायला सुरेख. कोणती कशातून आली ते आजतागायत मला सांगता आलेलं नाही. त्या माश्यांना नाव मिळालं तरी त्यांची अर्धी गोष्ट हरवलीच. कोणीही नमुना घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न म्हणूनच असतो: कशातून निघाली?

यात आणखी एक गंमत आहे. ममीतून निघालेली माशी पिठ्या ढेकणाला मारणारीच असेल असं नाही. तिला मारणारी दुसरी माशी आत शिरलेली असू शकते. तिला अतिपरोपजीवी म्हणतात. 'चोरावर मोर' ही म्हण यांच्यासाठीच केलीय असं वाटावं.

उंबरातले किडेही हेच का?

माझी आजी त्यांना केंबरं म्हणायची आणि उंबर फोडू नका म्हणून दटावायची. केंबरं याच नात्यातली, पण सगळी परोपजीवी नाहीत. उंबर म्हणजे फळ नव्हेच, आत तोंड करून मिटलेला फुलांचा गुच्छ. सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाची माशी वरच्या बारीक तोंडातून आत घुसते. घुसताना बहुधा पंख तुटतात. आत ती परागण करते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी निघतात, माद्यांशी मीलन करतात, त्यांच्यासाठी भिंतीला भोक पाडतात आणि मरतात.

परोपजीवी आहेत त्या बाहेर उभ्या. उंबराच्या सालीवर लांबलचक, केसासारखी सोंड खुपसून बसलेली माशी दिसली तर ती सोंड नाही, अंडं घालायची नळी आहे. अपोक्रिप्टासारख्या माश्या बाहेरूनच, आत वाढणाऱ्या दुसऱ्या माश्यांच्या अळ्यांपर्यंत ती नळी पोचवतात. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या उंबरावर असल्या तर या बाहेर उभ्या माश्यांची धडगत नसते. परागण करणारी मात्र पटकन आत सटकते. मुंबईत उंबर जागोजागी आहेत. एक दुपार द्या.

कुंभारीण अळीची माशी बनवते म्हणतात, ते खरं का?

दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी आहे. अळी भीतीने तिचं ध्यान करत करत तद्रूप होते, असा दृष्टान्त कीर्तनात आपण ऐकलेला असतो. निरीक्षण अगदी चोख आहे: कुंभारीण अळी उचलून मातीच्या घरट्यात कोंडते आणि काही दिवसांनी त्यातून कुंभारीण बाहेर येते. मधला टप्पा तेवढा भिंतीआड राहिला. ती अळी डंखाने लुळी केलेली असते, सोबत कुंभारणीचं अंडं असतं आणि त्यातून निघालेलं पिल्लू ती ताजी शिदोरी खातं. कपाटामागे असं मातीचं घरटं मिळालं तर फेकू नका. काळजीपूर्वक नळीत घाला आणि वाट बघा. कधी कुंभारीण निघते, तर कधी तिच्याच पिल्लाला खाऊन वाढलेल्या ढीगभर बारीक माश्या.

बाथरूममध्ये एक काळी माशी पोट वर-खाली हलवत फिरते. धोका आहे का?

धोका झुरळाला. ती इव्हानिया अपेंडिगॅस्टर. काळा रंग, निळसर डोळे, आणि कमरेच्या वरच्या बाजूला चिकटवल्यासारखं छोटं चपटं पोट, जे ती झेंडा फडकवावा तसं हलवते. ती झुरळाच्या अंडीपेटीत एक अंडं घालते. मोठ्या तपकिरी झुरळाच्या पेटीत साधारण १४ ते १६ अंडी असतात. इव्हानियाची एकच अळी ती सगळी फस्त करते. त्याच पेटीवर अप्रोस्टोसेटस हेगेनोवी नावाची बारीक माशीही येते. ती निघते ती मात्र डझनांनी.

शेजारच्या काकूंनी माझ्यासमोर इव्हानिया चपलेने मारली. मी त्यांना सांगितलं, काकू, ती तुमच्याकडे आली म्हणजे झुरळं आधीच आली आहेत. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

चावतात का?

बारीकवाल्यांची नळी आपल्या कातडीत शिरतच नाही. दोन अपवाद सांगते. पावसाळ्याच्या दिवसांत रात्री दिव्यावर येणाऱ्या केशरी, लांब पोटाच्या इक्न्युमॉनिड माश्या हातात धरल्या तर टोचतात. दुसरा अपवाद घरातला: वाळवलेल्या लाकडात भुंगेरे लागले असतील तर त्यांच्या अळ्यांवर जगणाऱ्या, मुंगीसारख्या दिसणाऱ्या बिनपंखी माश्या, स्क्लेरोडर्मस, अंथरुणात शिरतात आणि डंख मारतात. अंगावर लाल गांधी उठल्या, ढेकूणही सापडत नाही, आणि जुन्या पलंगातून भुसा गळतोय, तर संशय इकडे वळवा.

सापळे लावायचे असतील तर?

पिवळ्या प्लास्टिकच्या वाट्या, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि उतरलेली माशी बुडते. दुसऱ्या दिवशी जुन्या मलमलीतून गाळून सगळं अल्कोहोलमध्ये टाकायचं. मॅलेज सापळा, म्हणजे स्वीडनच्या रेने मॅलेज यांनी १९३०च्या दशकात काढलेला तंबूसारखा जाळीचा सापळा, उत्तम; पण तो गच्चीवर लावलात तर लोक विचारतील लग्न कोणाचं.

वाट्यांच्या बाबतीत मुंबईची अडचण कावळे. एकदा सहाच्या सहा वाट्या उलट्या करून गेले. आता मी तळाला खडा ठेवते. आणि सापळ्यातली माशी कशातून निघाली हे कधीच कळत नाही, म्हणून एका चांगल्या पालनाला मी शंभर वाट्यांचं मोल देते. हे मत सगळ्यांना पटत नाही. यादी करायची असेल तर वाट्याच बऱ्या.

फोटो पाठवला तर नाव सांगाल का?

कुळापर्यंत, नशीब असेल तर. जात सांगणं फोटोवर जवळपास अशक्य. मिशांचे सांधे किती, पंखावरच्या शिरेला कोणत्या जागी फाटा फुटतो, पायाच्या शेवटच्या भागाचे तुकडे तीन, चार की पाच, हे सगळं मोजावं लागतं. चाल्सिडॉइडिया या एका महाकुळात नाव मिळालेल्या जाती वीस हजारांच्या वर आहेत, आणि अजून नाव नसलेल्यांचे अंदाज काही लाखांत जातात. २०२२ साली त्याची फेरमांडणी झाली आणि कुळांची संख्या ५० वर गेली. म्हणजे मी शिकताना पाठ केलेली कुळं आता माझ्याच विद्यार्थ्यांनी मला दुरुस्त करून सांगायची.

एक मिलिमीटरच्या वरची माशी त्रिकोणी कार्डाच्या टोकाला डिंकाने चिकटवतात. तिच्याखालच्या बहुतेक काचपट्टीवर जातात. पोटॅशच्या द्रावणात अंग पारदर्शक करायचं, पंख, मिशा, डोकं वेगवेगळं मांडायचं आणि कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेखाली झाकायचं. हात थरथरत असेल तर श्वास सोडून मग सुई टेकवा. पंख्याचं बटण आधी बंद करा.

ट्रायकोग्रामाच्या माद्या एकमेकींच्या इतक्या सारख्या की त्यांच्यावरून जात ठरत नाही. नराचं जननांग काचपट्टीवर बघावं लागतं. ही खूण पक्की करण्यात बंगळुरूला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांचा वाटा मोठा. १९७०च्या सुमाराचं त्यांचं काम आजही ट्रायकोग्रामा ओळखणाऱ्याला टाळता येत नाही.

डीएनएने सोपं होत नाही का?

होतं, ज्या जातींचा डीएनए आधीच नावासह नोंदलेला आहे त्यांच्यापुरतं. बाकीच्यांच्या बाबतीत हातात आधार क्रमांक येतो, पण त्यासमोर नावाची जागा रिकामी. नाव शेवटी कोणीतरी भिंगातून बघूनच देणार. ज्यांचा डीएनए करायचा त्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, फ्रिजरमध्ये. घरच्यांना विचारून.

एकदा दिलेलं नाव बदलतं कसं?

कपाशीवर पिठ्या ढेकणाने धुमाकूळ घातला तेव्हा त्याला मारणारी एक माशी भरपूर सापडू लागली. अलीगढचे मोहम्मद हयात यांनी २००९ साली तिला एनासियस बांबावालेई असं नाव दिलं. पुढे तुलना झाल्यावर कळलं की गिरॉल्ट यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनातून हीच माशी फार पूर्वीच वर्णन केली होती. नियम असा की जुनं नाव जिंकतं. त्यामुळे आता ती एनासियस ॲरिझोनेन्सिस. कोणाची चूक नाही यात. जगभरच्या संग्रहांतले नमुने एका टेबलावर येईपर्यंत असं होणारच. जुने लेख वाचताना मात्र दोन्ही नावं शोधा, नाहीतर निम्मी माहिती निसटते.

नर इतके कमी का निघतात?

फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर, आणि फलित करायचं की नाही हे आईच्या हातात. एकाच यजमानात भावंडं वाढणार आणि तिथेच जोड्या लागणार असतील तर थोडे नर पुरतात. काही ट्रायकोग्रामांत तर वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो. त्याच्या लागणीने अफलित अंड्यांतूनही माद्याच निघतात. प्रतिजैविक दिलं की पुन्हा नर दिसायला लागतात.

शेतीला याचा खरंच उपयोग होतो का?

ऊस पिकवणाऱ्या कोणालाही ट्रायकोकार्ड विचारा. तांदळातल्या पतंगाची अंडी कार्डावर चिकटवून त्यांत ट्रायकोग्रामा वाढवतात आणि कार्डाचे तुकडे उसाच्या पानाला अडकवतात. माश्या निघतात आणि खोडकिड्याची अंडी शोधत जातात. कार्ड अडकवल्यावर फवारणी केली तर पैसे पाण्यात, हे सांगूनही लोक करतात.

पपईचं उदाहरण मात्र डोळ्यांत भरणारं. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइम्बतूरजवळ दिसला आणि भराभर पसरला. २०१० साली प्वेर्तो रिकोहून असेरोफॅगस पपाये ही माशी आणून सोडली, आणि बागा सावरल्या. आधी ढेकणाची जात बरोबर ओळखली म्हणून बरोबर माशी मागवता आली. जात चुकली असती तर विमानाने आणलेल्या माश्या उपाशी मेल्या असत्या.

परवानगी लागते का?

स्वतःच्या गॅलरीत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिकीट काढून फिरता येतं, पण वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथून मुंगीसुद्धा उचलायची नाही. कांदळवनातही तेच. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. आधी मार्गदर्शकांना विचारा. नवी जात वर्णन केलीत तर तिचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो, उदाहरणार्थ भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे.

शिकायचं कुठे?

प्राणिशास्त्रात किंवा कृषी कीटकशास्त्रात एमएस्सी. कोकणातलं म्हणाल तर दापोलीचं कृषी विद्यापीठ. या माश्यांचं मोठं काम बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत चालतं. मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, तिचा कीटकसंग्रह आहे. नोकऱ्या कमी आहेत, हे लपवत नाही.

पावसाळ्यात नमुने कसे टिकवायचे?

जून ते सप्टेंबर मुंबई म्हणजे बुरशीचं माहेर. कार्डावरचे नमुने घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल आणि डांबरगोळीसह. भिंगालाही बुरशी लागते; सूक्ष्मदर्शकाच्या कपाटात एक छोटा बल्ब पेटता ठेवा.

लेबलवर काय लिहायचं?

पेन्सिलीने लिहा. हे आधी. मी पहिल्या वर्षी त्रेचाळीस नळ्यांच्या आत बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. अल्कोहोलने शाई धुऊन नेली आणि महिन्याभराने माझ्याकडे त्रेचाळीस निळसर नळ्या आणि त्रेचाळीस कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठी नळीच्या आत हवी, बाहेरची सुटते. महिना अक्षरी लिहा, म्हणजे ५ आणि ७ची अदलाबदल होत नाही. माझी सध्याची एक चिठ्ठी अशी आहे:

मुंबई, मुलुंड पूर्व. तिसरा मजला, गॅलरी. कढीलिंब, पानाची वरची बाजू. लिंबावरच्या फुलपाखराचं १ अंडं, आणलं १४ जुलै, काळं १७ जुलै. माश्या निघाल्या २३ जुलै सकाळी: मादी ४, नर १.